येरवड्यातली जागच्या जागी घरं : पार्श्वभूमी

पुण्यात झोपडपट्ट्या कशा वाढल्या, हे सांगताना १९६१चा पानशेत पूर आणि १९७२चा दुष्काळ यांचा उल्लेख होतोच. येरवड्यातल्या नागपूर चाळ, भाट नगर, नेताजी नगर, यशवंत नगर या वस्त्यांत जागच्या जागी घरं बांधण्याची जी योजना झाली, तिची पार्श्वभूमी मात्र त्याहून बरीच अलीकडची आहे.

१९९९ ते २००१ या काळात महापालिकेने पुण्याच्या वस्त्यांत ४००हून अधिक सार्वजनिक शौचालयं बांधून घेतली. बरीचशी कामं वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांनी आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी घेतली. अंदाजपत्रक वाचणं, मजूर लावणं, बिल मंजूर होईपर्यंत कार्यालयात खेटे घालणं हे सगळं या बायका तिथे शिकल्या. पुढे घरांच्या योजनेत त्या नुसत्या लाभार्थी राहिल्या नाहीत, याचं मूळ या कामात आहे.

२००५मध्ये दोन वाटा एकदमच उघडल्या. एकीकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) प्राधिकरण आलं : बिल्डरने वस्तीच्या जागी इमारत उभारायची, मूळ रहिवाशांना फुकट सदनिका द्यायची आणि वाढीव बांधकामहक्कांतून पैसा काढायचा. दुसरीकडे केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरी गरिबांच्या घरांसाठी थेट अनुदान मिळू लागलं. तेही आधी शहराच्या कडेच्या इमारतींकडेच वळलं. येरवड्यात मात्र, घोषित (म्हणजे सरकारने झोपडपट्टी म्हणून अधिकृतपणे जाहीर केलेल्या) वस्तीत ज्याचं घर त्याच गल्लीत पुन्हा बांधायचं, असं ठरलं. घर २७० चौरस फुटांचं, खर्च सुमारे ३ लाख, त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. घरोघर मोजणी झाली, नकाशे लोकांपुढे मांडले गेले. ज्यांची जागा फारच लहान होती, अशा शेजाऱ्यांना एकत्र घेऊन एक-दोन मजले चढवले गेले. जागा मोठी असलेल्यांना गल्ली रुंद करण्यासाठी थोडी सोडावी लागली. तीस हजार ऐकायला थोडे वाटतात, पण बांधकाम चालू असताना भाड्याच्या खोलीचा खर्चही कुटुंबालाच करायचा होता.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कच्च्या-पक्क्या घरांवरून. अनुदान फक्त कच्च्या घराला, पक्क्याला हात लावायचा नाही, असा निर्णय होता. पण वस्तीत कच्चं कुठे संपतं? पत्र्याचं छप्पर आणि विटांची भिंत असलेलं घर कशात धरायचं? ज्या बाईने भिशी लावून, दागिने गहाण ठेवून वर्षानुवर्षं एकेक भिंत उभी केली, ती योजनेबाहेर राहिली. शेजारी ज्यांनी काहीच केलं नव्हतं, किंवा ज्यांना ते जमलंच नव्हतं, त्यांना नवं घर मिळालं. हा राग खरा होता आणि त्यावर समाधानकारक उत्तर नव्हतं.

तरीही निर्णय बरोबर होता, असंच म्हणावं लागतं. पक्की घरं पाडली असती, तर लोकांनी स्वतःच्या कमाईतून केलेली गुंतवणूक मातीत गेली असती आणि सगळी वस्ती एकदम हलवावी लागली असती. पक्की घरं शाबूत राहिल्यामुळे गल्ल्या, देवळं, ओट्यावरचे धंदे, पाण्याच्या वेळा, सगळं जागेवर राहिलं. अर्थात त्यामुळे काम अवघडही झालं. ट्रक आत शिरत नव्हता, चिंचोळ्या गल्लीतून सळई आणि वाळू डोक्यावरून न्यावी लागे. मंजूर खर्च तोच राहिला, साहित्याचे भाव मात्र वाढत गेले. कल्याणी नगरसारख्या महागड्या भागाच्या इतक्या जवळच्या जमिनीवर एक-दोन मजलीच घरं कशाला, हा प्रश्नही तेव्हापासून विचारला जातो. तो विचारणारे बहुधा वस्तीबाहेरचे असतात.

अभियानाची मुदत वाढत वाढत संपली आणि २०१५मध्ये पंतप्रधान आवास योजना आली. तिच्यात स्वतःचं घर बांधायला अनुदान होतं, पण त्यासाठी जमिनीची मालकी दाखवावी लागे. झोपडपट्टीच्या जागी घरं बांधण्याचा घटकही होता, पण तो खासगी विकासकामार्फत चालायचा. घोषित वस्तीतल्या, सातबारावर नाव नसलेल्या कुटुंबाला तिच्याच जागेवर थेट अनुदान देणारी येरवड्याची पद्धत या दोन्हींत बसली नाही.