‘रन’चे ६४५ अर्थ आले कुठून?

एका शब्दाला किती अर्थ असू शकतात? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’ची नोंद हाती घेतली. त्या एका शब्दात त्यांचे नऊ महिने गेले. २०११ मध्ये आकडा जाहीर झाला तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले होते. नाम म्हणून होणारा वापर यात धरलेलाच नाही. त्याआधी कितीतरी दशके सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती, म्हणजे एखाद्या छोट्या कादंबरीएवढी. मधल्या काळात ‘मेक’ आणि ‘पुट’ पुढे गेले, आणि मग ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकले.

असे आकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात छापले जातात आणि तिथेच राहतात. हे अर्थ मोजले कसे, हे क्वचितच कोणी सांगतो. खरे तर तोच भाग सर्वांत मोलाचा आहे.

१८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाअभ्यासकांच्या संस्थेने जुन्या कोशांत न आलेले शब्द गोळा करायला एक समिती नेमली. (याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीतले सुमारे ४०,००० शब्द तिच्यात ६०,००० वर गेले होते.) लवकरच समितीच्या लक्षात आले की पुरवणीने भागणार नाही, सगळा कोश नव्यानेच करावा लागेल. हाच पुढे ऑक्सफर्डचा कोश झाला. पद्धत अशी ठरली: वाचकांनी पुस्तके वाचायची, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य तसेच्या तसे चिठ्ठीवर उतरवायचे, आणि खाली लेखक, पुस्तक, साल, पान लिहून पाठवायचे. अर्थ संपादकाने मनाने ठरवायचा नाही. चिठ्ठ्या पसरून, त्यांचे गठ्ठे लावून तो शोधून काढायचा. एका गठ्ठ्यात न बसणारी वाक्ये पुरेशी जमली की नवा अर्थ नोंदवायचा.

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये तिशीतच गेले. त्यांच्यानंतर फ्रेडरिक फर्निव्हल यांच्या काळात काम विस्कळीत झाले. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी सूत्रे घेतली तेव्हा त्यांच्याकडे सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, दुसऱ्यात पिलांसह जिवंत उंदरीण. ‘एच’ अक्षराच्या चिठ्ठ्या तर थेट इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सापडल्या. मरे यांनी मिल हिल इथे घराच्या आवारात पन्हळी पत्र्याची खोली उभारली, भिंतींना हजाराहून अधिक खण लावले आणि चिठ्ठ्या अक्षरवार लावायला घेतल्या.

तेव्हा एक विचित्र उणीव समोर आली. ‘अब्यूजन’ या कधीच मागे पडलेल्या शब्दाच्या चिठ्ठ्या पन्नासेक होत्या. रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’च्या पाचही नव्हत्या. वाचक दुर्मीळ शब्द दिसला की हरखून टिपून घेत, आणि साध्या शब्दावरून नजर तशीच पुढे जाई. मग संपादकांना आणि मदतनिसांना स्वतः पुस्तके चाळून साध्या शब्दांची वाक्ये हुडकावी लागली. माझ्या मते कोशकाराची कसोटी इथेच लागते. दुर्मीळ शब्दाचा अर्थ एका ओळीत संपतो. ‘सेट’, ‘टेक’, ‘रन’ यांच्यापुढे महिनोन्‌महिने बसावे लागते. पहिल्या आवृत्तीत ‘सेट’ हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला आणि ‘रन’ विल्यम क्रेगी यांच्या. मरे १९१५ मध्ये वारले. कोश पुरा झाला १९२८ मध्ये. त्यात १८ लाखांवर अवतरणे छापली आहेत.

आता ‘रन’च एवढा का फुगला? एक कारण फार जुने आहे. आपण पळणे आणि पळवणे, धावणे आणि धावडवणे अशी रूपे वेगळी ठेवतो. जुन्या इंग्रजीतही स्वतः धावणे आणि दुसऱ्याला धावायला लावणे यांसाठी दोन क्रियापदे होती. काळाच्या ओघात, स्कँडिनेव्हियातून आलेल्यांच्या भाषेतल्या तशाच शब्दांची भर पडून, ती एकमेकांत मिसळली आणि एकाच शब्दावर दोन्ही कामे आली. शिवाय पाण्याचे वाहणेही त्यात पहिल्यापासून होतेच. त्यामुळे नदी, नळ, नाक, डोळे, कपड्याचा रंग हे सगळे इंग्रजीत ‘रन’ होते. पुढे यंत्रे आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले. यंत्र ‘रन’ होते म्हटल्यावर ते ‘रन’ करणारा माणूस आला, त्याच्या मागून कारखाना, दुकान, संस्था आणि शेवटी संगणकावरचा प्रोग्रॅम. क्रिकेटमधला ‘रन’ तर आपण घरच्यासारखा वापरतो.

यामुळेच ‘रन’चा समानार्थी शब्द विचारला तर प्रश्नच अपुरा ठरतो. मराठीत उतरवताना पाहा: नाक गळते, पाणी वाहते, रंग जातो, गाडी सुटते, कंपनी चालवतात, निवडणूक लढवतात, बातमी छापतात. प्रत्येक वेळी सोबतचा शब्द बदलला की क्रियापद बदलते.

समानार्थी शब्दांच्या पुस्तकांची वाटचालही या दृष्टीने बघण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला हेस्टर पिओझी, जॉर्ज क्रॅब यांनी अशी पुस्तके लिहिली ती फरक सांगण्यासाठी: हे दोन शब्द जवळचे, पण एकाच्या जागी दुसरा का चालत नाही, ते पाहा. पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरने १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, वेगळाच मार्ग धरला. त्यांनी शब्द हजार कल्पनांखाली लावले आणि स्पष्टीकरण गाळले. भाषा येणारा माणूस योग्य शब्द स्वतः निवडेल, हे त्यात गृहीत होते. पुस्तक अफाट खपले. पण भाषा शिकणाऱ्याच्या हाती ते पडले की तो यादीतला कुठलाही शब्द उचलू लागला. मोबाइलवर मिळणाऱ्या याद्यांनी ही सवय आणखी वाढवली आहे.

अर्थांचा कोश आणि समानार्थी शब्दांची यादी या दोन परंपरा जोडण्याचे काम ग्लासगो विद्यापीठात झाले. मायकेल सॅम्युएल्स यांनी १९६५ मध्ये ठरवले की ऑक्सफर्डच्या कोशातला प्रत्येक अर्थ, शब्द नव्हे, वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायचा आणि त्या चिठ्ठ्या कल्पनांनुसार लावायच्या. १९७८ मध्ये त्यांच्या इमारतीला आग लागली. चिठ्ठ्या लोखंडी कपाटात होत्या म्हणून वाचल्या. हा ऐतिहासिक थिसॉरस, म्हणजे कल्पनांनुसार लावलेला शब्दसंग्रह, २००९ मध्ये छापून झाला. त्यात ‘रन’ एका जागी सापडत नाही. पळण्याच्या शब्दांत तो आहे, वाहण्याच्या शब्दांत आहे, कारभार चालवण्याच्या शब्दांतही आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो त्या अर्थाने कधीपासून लिहिला जातो त्याचे साल दिले आहे.