‘विंडो सापडली नाही’ असा मेसेज आला तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एप्रिलचा पहिला आठवडा आला की आमचा फोन खाली ठेवायची सोय नसते. हापूसचा हंगाम ऐन भरात, पॅकहाऊसमध्ये पेट्यांची रास, वाशीची गाडी संध्याकाळी सुटायची, आणि नेमकी तेव्हाच आम्ही बसवून दिलेली, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्याऐवजी आपोआप बिलं टाईप करणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ‘विंडो सापडली नाही’ म्हणून थांबते. कालपर्यंत चालत होती, कोणी हात लावलेला नाही, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही असतं. बदललेलं असतं फक्त आर्थिक वर्ष.

बिलिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये विंडोच्या वरच्या पट्टीवर फर्मचं नाव आणि पुढे वर्ष येतं. उदाहरणार्थ, ३१ मार्च २०२५ ला तिथे २०२४-२५ होतं, १ एप्रिलला २०२५-२६ झालं. आमच्या जुन्या स्क्रिप्ट ती अख्खी पट्टी वाचायच्या आणि अक्षर न् अक्षर जुळलं तरच कामाला लागायच्या. ही चूक आमचीच. म्हणून ज्यांच्याकडे अजून जुनी स्क्रिप्ट आहे त्यांना ती बदलून देण्याचे पैसे घेत नाही.

गणपतीला पहिल्यांदाच गावी येणाऱ्या पाहुण्याला आपण ‘निळ्या गेटचं घर’ म्हणून सांगतो. मे महिन्यात गेट हिरवं झालेलं असलं तर पाहुणा वाडीभर फिरत राहतो. आडनाव विचारावं तर वाडीत सगळे एकाच आडनावाचे. पोस्टमन मात्र चुकत नाही, कारण तो एका खुणेवर विसंबत नाही. स्क्रिप्टलाही आम्ही आता दोन-तीन खुणा देतो.

पहिली खूण प्रोग्रामच्या फाईलची, म्हणजे टास्क मॅनेजरच्या (विंडोजमधली चालू प्रोग्रामांची यादी) ‘डिटेल्स’मध्ये दिसतं ते नाव. वर्ष बदललं, फर्म बदलली तरी ते सहसा तेच राहतं. दुसरी खूण विंडोच्या जातीची. प्रत्येक विंडोला आतून एक ‘क्लास’ असतो, तो पडद्यावर दिसत नाही. एक्सेलच्या मुख्य विंडोचा क्लास वर्षानुवर्षं ‘एक्सएलमेन’च आहे. पण क्लासवरही डोळे मिटून भरवसा नको. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने बनवलेल्या बऱ्याच प्रोग्रामांच्या क्लासच्या शेवटी आकड्या-अक्षरांची शेपटी असते आणि ती बदलू शकते. तिथे आम्ही शेपटी सोडून पुढचा भागच जुळवतो. तिसरी खूण विंडोच्या आतला मजकूर. दोन फर्मची बिलं एकाच प्रोग्रामच्या दोन विंडोंमध्ये उघडी असतील, तर फाईल आणि क्लास दोन्हीकडे सारखेच. मग आतलं फर्मचं नाव वाचूनच ठरवावं लागतं.

याशिवाय विंडोज प्रत्येक विंडोला एक नंबर देतं, त्याला हँडल म्हणतात. बँकेतल्या टोकनसारखं. विंडो उघडी आहे तोवर तो नंबर तिचाच, बंद करून पुन्हा उघडलीत की नवा. म्हणून हा नंबर कुठेही लिहून ठेवत नाही. स्क्रिप्ट सुरुवातीला खुणा पटवून विंडो शोधते, तिचा नंबर घेते आणि त्या दिवसाचं काम त्या नंबरावर करते. मधेच पट्टीवरचं नाव बदललं तरी मग फरक पडत नाही.

आणि ते नाव बदलतंच. नोटपॅडमध्ये एक अक्षर टाईप केलंत तरी, फाईल सेव्ह होईपर्यंत, नावाच्या आधी एक चांदणी (*) येते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून हे सुरू झालं. एक्सेल २०१० मध्ये पट्टीवर आधी ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल’ आणि मग फाईलचं नाव यायचं, २०१३ पासून फाईल आधी आणि ‘एक्सेल’ शेवटी. नावाची सुरुवात जुळवणाऱ्या स्क्रिप्ट तेव्हा आडव्या झाल्या. विंडो हँग झाली तर विंडोज तिच्या जागी तिचीच नक्कल उभी करतं आणि नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ जोडतं. ती नक्कल टाईप केलेलं काही घेत नाही, त्यामुळे आमची स्क्रिप्ट ती दिसली की गप्प बसते.

मग नावातला एखादाच शब्द जुळवला तर? तेही अंगाशी येतं. स्क्रिप्ट लिहायला आणि चालवायला आम्ही वापरतो त्या ऑटोहॉटकी या सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीत काही वेगळं सांगितलं नाही तर नावाची सुरुवात जुळवली जाते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द नावात कुठेही असला तरी चालतो. एका काजूवाल्या ग्राहकाकडे स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर नेली आणि तिने बिलिंगच्या विंडोऐवजी त्याच नावाचा उघडा फोल्डर पकडला. तीस बिलांचं टायपिंग फोल्डरमध्ये गेलं. नुकसान काही नाही, पण फाईली आपोआप निवडल्या जाताना पाहून तिथल्या मावशींनी सरळ प्लग काढला. योग्यच केलं.

पट्टीवरचं वर्ष अजून जिथे जुळवलं जातं, तिथे ते तुम्हाला स्वतःला बदलता यावं म्हणून स्क्रिप्टशेजारी ‘ओळख’ नावाची साधी मजकुराची फाईल ठेवली आहे. त्यात वर्षाची एकच ओळ बदलायची. एकदा एकांनी ती मराठी कीबोर्ड चालू ठेवून बदलली. डोळ्यांना २०२५-२६ बरोबर दिसत होतं, पण पट्टीवरचे आकडे इंग्रजी आणि फाईलमधले देवनागरी. कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी अक्षरं. मधल्या आडव्या रेघेचंही तसंच, लांब आणि आखूड रेघ त्याला एक वाटत नाही. आकडे इंग्रजीतच टाका आणि जुनी रेघ तशीच राहू द्या.

विंडो बरोबर सापडली तरी आतला रकाना चुकू शकतो, आणि आम्हाला जास्त धास्ती त्याचीच. काही स्क्रिप्ट रकाने क्रमाने मोजतात: तिसरा रकाना दर, चौथा डझन. एका अपडेटमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांनी मधेच वाहन क्रमांकाचा रकाना घातला. दर वाहन क्रमांकात गेला, डझनाचा आकडा दरात. स्क्रिप्ट थांबली नाही, कुठलाही मेसेज नाही. अकरा बिलं तशीच सेव्ह झाली आणि व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. त्यानंतर रकाना क्रमाने मोजणं आम्ही सोडलं. शक्य तिथे रकान्याला प्रोग्रामने दिलेली आतली ओळख वापरतो, आणि टाईप केल्यावर तो आकडा परत वाचून ताडून बघतो. यात प्रत्येक बिलामागे थोडा जास्त वेळ जातो. ‘पूर्वी पटापट व्हायचं’ अशी तक्रार येते, पण इथे आम्ही ऐकणार नाही.

लाईटचं वेगळं सांगायला नको. मे अखेरीस गडगडायला लागलं की लाईट जाते-येते, कॉम्प्युटर मधेच बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर बिलिंगचा प्रोग्राम आधी एक छोटा मेसेज बॉक्स दाखवतो, ‘मागच्या वेळी नीट बंद झाला नाही, जुना डेटा परत आणू का?’ अशा अर्थाचा. त्या बॉक्सच्या पट्टीवरही बऱ्याचदा प्रोग्रामचंच नाव असतं. नावावर विसंबणारी स्क्रिप्ट त्यावर एंटर मारून मोकळी होते. आता अनोळखी बॉक्स दिसला की ती थांबते. उत्तर तुम्ही द्यायचं.

ब्राउझरमधलं काम, उदाहरणार्थ जीएसटीचं पोर्टल, या पद्धतीने करू नये. टॅब बदलला की ब्राउझरच्या विंडोचं नावच बदलतं. त्यासाठी वेगळी सोय आहे, तिचं वेगळं बोलू. दुसऱ्या ऑफिसातला कॉम्प्युटर तुम्ही रिमोट डेस्कटॉपने उघडत असाल, तर इथल्या स्क्रिप्टला तो म्हणजे नुसतं एक चित्र; स्क्रिप्ट तिकडेच बसवावी लागते. आणि बिलिंगचा प्रोग्राम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालू केला असेल तर स्क्रिप्टही तशीच चालू करा, नाहीतर विंडो सापडते पण टाईप काहीच होत नाही.

मेसेज आला तर स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवू नका. आधी टास्कबारवर बघा, प्रोग्रामच्या मागे एखादा बॉक्स लपलेला असतो. तो नसेल तर फोटो काढून आमच्या बिलावरच्या फोन नंबरवर पाठवा. फोटोत अख्खा पडदा हवा, नुसता मेसेज नको. आम्हाला बघायची असते ती सगळ्यात वरची पट्टी, आणि नेमकी तीच बहुतेक फोटोंत कापलेली असते.

सॉफ्टवेअरचं अपडेट घ्यायचं असेल किंवा नव्या वर्षाची फर्म उघडायची असेल, तर आदल्या दिवशी कळवा. एक खोटं बिल टाकून रकाने तपासायला आम्हाला पंधरा मिनिटं पुरतात. फक्त ते बिल नंतर आठवणीने रद्द करा.