मृत्यूनिमित्त कुटुंबभेट (चित्रपटातील कथाप्रकार)

घरातले वडीलधारे माणूस जाते, एरवी एकमेकांना टाळणारी भावंडे क्रियाकर्मासाठी एका छपराखाली येतात आणि वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले सगळे बाहेर पडते, अशा कथानकावर उभा असलेला कौटुंबिक चित्रपटांचा प्रकार. रंगभूमीशी त्याचे जवळचे नाते आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकात तात्याजींच्या मृत्यूनंतर मुंबईचा मुलगा गावी येतो आणि तेराव्याच्या खर्चावरून देशपांड्यांच्या घरातले ताणतणाव उघडे पडतात.

या कथांना धार येते ती मुदतीमुळे. एरवी भांडण झाले की माणूस उठून चालू लागतो. सुतकात तशी सोय नसते. सीमा पाहवा दिग्दर्शित 'रामप्रसाद की तेरहवी'मध्ये मुले, सुना, जावई तेरा दिवस एकाच घरात अडकतात आणि आता आईला कोण सांभाळणार, हा प्रश्न एकमेकांवर ढकलतात. 'धिस इज व्हेअर आय लीव्ह यू' (२०१४) या अमेरिकी चित्रपटात ज्यू कुटुंबाला शिव्हाचे, म्हणजे ज्यूंच्या सुतकाचे, सात दिवस एकत्र काढावे लागतात.

स्फोट बहुधा जेवणाच्या टेबलावर होतो. 'ऑगस्ट: ओसेज काउंटी' (२०१३) हे याचे सर्वांत प्रखर उदाहरण. ट्रेसी लेट्स यांच्या, २००८ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या नाटकावर तो बेतलेला असून पटकथाही त्यांचीच आहे. ओक्लाहोमातल्या उकाड्यात, नवऱ्याच्या दफनानंतरच्या जेवणात व्हायोलेट (मेरिल स्ट्रीप) एकेकाचे वाभाडे काढते. तिला तोंडाचा कर्करोग आहे, गोळ्यांचे व्यसन आहे, आणि समोरच्याचे वर्म तिला अचूक ठाऊक आहे. थोरली मुलगी बार्बरा (ज्युलिया रॉबर्ट्स) अखेर तिच्या अंगावर धावून जाते. आईला ताब्यात घेऊ पाहणारी मुलगी हळूहळू आईसारखीच होत जाते, ते पाहताना अंगावर काटा येतो.

आवाज न चढवताही हे साधते. यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'त (१९५३) आईच्या प्रकृतीची तार येताच मुलगी शिगे शोकाचे कपडे सोबत घ्यायचे सुचवते, आणि अंत्यविधी उरकताच आईचा उन्हाळी ओबी (किमोनोवर बांधायचा पट्टा) आठवण म्हणून मागते. ती दुष्ट नाही. तिला परत जाऊन कामाला लागायचे आहे, एवढेच.

हिरोकाझु कोरे-एदा यांनी स्वतःच्या आईच्या निधनानंतर केलेला 'स्टिल वॉकिंग' (२००८) मला या सर्वांत श्रेष्ठ वाटतो. थोरला मुलगा जुनपेई एका मुलाला बुडताना वाचवण्याच्या प्रयत्नात गेलेला. दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला कुटुंब जमते, आणि वाचलेल्या त्या मुलालाही बोलावले जाते. आता मोठा झालेला, अंगाने सुटलेला तो अवघडून बसतो, घामाघूम होतो, माफी मागत राहतो. तो गेल्यावर धाकटा मुलगा र्‍योता म्हणतो की बिचाऱ्याला आता बोलावू नये. विणकाम करत बसलेली आई शांतपणे सांगते की त्याला अवघडावे म्हणूनच तर बोलावते. दहा-बारा वर्षांत त्याने विसरावे, हे तिला मान्य नाही. दिवसभर हसतमुखाने सर्वांना खाऊ घालणारी ही बाई पुढच्या वर्षीही त्याला बोलावणार असते.