धसक्याची स्वप्ने: आराम पडतो, पण टिकतो का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचार वाजायच्या आत, कोयनानगर हादरले. सहाच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप आणि सुमारे १८० बळी. धरणामुळे भूकंप होतो का, यावर त्यानंतर जगभर अभ्यास झाला आणि अजून चालू आहे. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळाही आहे. पण पुढे कितीतरी रात्री त्याच वेळेला तेच स्वप्न पडून ओरडत उठणाऱ्या माणसाच्या त्रासाला वैद्यकशास्त्रात तेव्हा स्वतंत्र निदानच नव्हते. घरचे म्हणायचे, धसका घेतलाय. मीठ-मोहरी ओवाळायची, उशाखाली अडकित्ता ठेवायचा. 'पीटीएसडी', म्हणजे भीषण प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले १९८० साली, म्हणजे कोयनेनंतर तेरा वर्षांनी, आणि तेही मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे.

डॉक्टरांची या स्वप्नांशी गाठ मात्र त्याच्या कितीतरी आधी पडली होती. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'शेल शॉक' (तोफगोळ्यांच्या माऱ्याने बसलेला धक्का) हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. स्कॉटलंडच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर सैनिकांना सांगत, की रात्री पुन्हा तेच दिसते कारण दिवसभर तुम्ही ते रेटून दूर सारता. बोला, त्याच्याकडे बघा. 'विसरून जा' असे सांगायच्या त्या काळात हा सल्ला उलटाच होता. फ्रॉइड यांनाही १९२० मध्ये कबूल करावे लागले, की स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती हा आपला सिद्धांत या स्वप्नांना लागू पडत नाही. क्रेगलॉकहार्ट होते फक्त अधिकाऱ्यांसाठी. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. जे परत आले, त्यांच्या रात्रींची विचारपूस कोण करणार होते? शिवाय तेव्हा 'बरा झाला' म्हणजे पुन्हा आघाडीवर पाठवता येतो, एवढाच अर्थ होता. दोन वर्षांनी त्याला झोप लागते का, हा प्रश्न सैन्याच्या कामाचा नव्हता.

तो प्रश्न नीट विचारला गेला फार उशिरा. १९७८ मध्ये लंडनचे आयझॅक मार्क्स यांनी वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नाची जागेपणी उजळणी करून घेतली आणि रुग्णाला आराम पडल्याचे नोंदवले. पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत रॉबर्ट केलनर, बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी या उजळणीला सुटसुटीत रूप दिले: स्वप्न कागदावर लिहायचे, त्यात हवा तो बदल करायचा, आणि नवे रूप रोज दहा-वीस मिनिटे जागेपणी डोळ्यांपुढे आणायचे. मूळ प्रसंग उगाळत बसायची सक्ती नाही.

ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते, म्हणून जरा जवळून बघू. समजा, सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडच्या एखाद्या बाईला पूर ओसरून दोन वर्षे झाली तरी एकच स्वप्न पडते: गोठ्यात पाणी शिरलेय, म्हैस हंबरतेय, आणि दाव्याची गाठ सुटतच नाही. ती नवे स्वप्न लिहिते, की आदल्या संध्याकाळीच दावे सोडले, म्हैस माळावरच्या भावाच्या वस्तीवर नेली, तिथे वैरण टाकली. पूर आलाच नाही असे ती लिहीत नाही. गाठ सुटते, एवढाच फरक. झोपेत हीच कथा दिसावी असा हट्ट नसतो. बऱ्याचदा नवे स्वप्न दिसतही नाही, जुने मात्र विरत जाते.

आता टिकण्याचे. जुनाट दुःस्वप्नांच्या रुग्णांची तीस महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा सुधारणा बव्हंशी कायम होती. हा अहवाल १९९३ चा. २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीनच बैठका, आणि फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकलेला. मग २०१० मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या १२४ माजी सैनिकांवर हीच पद्धत वापरली, तर म्हणावा तसा गुण आला नाही. दशकानुदशके मुरलेला त्रास इतक्या सहज हलत नाही, असे माझे वाचन. कोयनेच्या पिढीबद्दल बोलताना हा निकाल नजरेआड करू नये.

गोळीचा इतिहास आणखी खट्याळ. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे जुने औषध सिएटलच्या मरे रास्किंड यांनी माजी सैनिकांना दिले आणि २००३ च्या छोट्या अभ्यासात स्वप्ने लक्षणीय कमी झाली. औषध थांबले की ती परत येतात, हेही दिसले. २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र ते औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तुलनेने स्थिर रुग्णच निवडले गेले म्हणून तसे झाले, असे काहींचे म्हणणे आहे. आजही काही डॉक्टर ते देतात, काहींना उपयोग होतो. पण मनाने सुरू किंवा बंद करायची ही गोळी नव्हे.

या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: संकट संपलेले आहे. आपल्याकडे ते तसे संपत नाही. कोयना परिसरात लहानमोठे धक्के अजून बसतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला ती ओलांडली, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, २०२१ ला पुन्हा पूर. ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली ती २०१९ च्याच ऑगस्टमध्ये. त्यामुळे वर्षभर शांत झोपलेला माणूस जुलैत पाणीपातळीचे मेसेज फिरू लागले की पुन्हा दचकून उठतो. घरचे लगेच म्हणतात, 'बघ, गुण आलाच नव्हता.' हे बरोबर नाही. पावसाळ्यात चार रात्री स्वप्न पडणे आणि वर्षभर रोज पडणे यांत मोठे अंतर आहे, आणि एकदा शिकलेली उजळणी पुन्हा वहीतून काढता येते. पूरपट्ट्यात ती वही जुलैची वाट न बघता मे महिन्यातच उघडावी, असे मला वाटते. स्वप्नांबरोबर जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र वहीवर विसंबू नये. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा, तो मोफत आहे.