उपासमार कितव्या महिन्यात?

१९४४च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्नाची रसद आटली. रेशनवर माणशी दिवसाला जेमतेम ४०० ते ८०० कॅलरी मिळत होत्या. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि काही आठवड्यांतच पुन्हा पोटभर अन्न मिळू लागलं. दुष्काळ सहसा हळूहळू येतो आणि रेंगाळत जातो. हा मात्र जवळपास तारखेवार आला आणि गेला. त्या धामधुमीतही सुइणींनी आणि रुग्णालयांनी जन्माच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यामुळे कोणती आई कितव्या महिन्यात उपाशी राहिली, हे पुढे मोजता आलं. असा प्रयोग मुद्दाम करायला कुणी धजावलं नसतं, आणि धजावूही नये.

ज्यांच्या आया शेवटच्या तीन महिन्यांत उपाशी होत्या, ती बाळं सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. यात नवल नाही. बाळाचं वजन मुख्यतः तेव्हाच वाढतं. उपासमार ज्यांच्या सुरुवातीच्या महिन्यांत येऊन गेली, ती मुलं मात्र नेहमीच्या वजनाची निघाली. वजनकाटा बघणाऱ्याला वाटलं असतं, ही सुटली.

ती सुटली नव्हती. लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे ३ लाख तरुणांच्या नोंदींचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त होता, तर शेवटी झालेल्यांत कमी. पन्नाशीला आल्यावर सुरुवातीच्या गटात हृदयविकार अधिक आढळला. ज्यांना मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत झळ बसली, त्यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती.

एकाच दुष्काळाचे इतके वेगळे परिणाम का? कारण गर्भातल्या प्रत्येक अवयवाची घडण्याची वेळ ठरलेली असते. मूत्रपिंडाचंच घ्या. रक्त गाळणारे त्याचे सूक्ष्म घटक साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. नंतर माणूस कितीही जगला तरी त्यांत नव्याची भर पडत नाही. पुरवठा कमी पडला की गर्भ मेंदूकडे जाणारं रक्त राखतो आणि बाकीच्या अवयवांच्या वाट्याला काटकसर येते. या काटकसरीची खूण जनुकांवरही सापडली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या हिवाळ्यात आईच्या पोटात रुजलेल्यांच्या, वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी मिथाइल खुणा (जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) होत्या, तेही साठ वर्षांनंतर! अर्थात खूण सापडली म्हणजे आजाराचं कारण सापडलं, असं नव्हे.

गोष्ट इथेच संपली असती तर सोपी होती. पण त्याच महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला पडलेल्या वेढ्यात याहून भीषण उपासमार झाली, आणि तिथे जन्मलेल्यांच्या तपासणीत साखरेच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. एक स्पष्टीकरण असं, की तिथली टंचाई जन्मानंतरही टिकली. गर्भाने ‘बाहेर अन्न कमी आहे’ असं धरून बेगमी केली आणि बाहेर खरोखरच ते कमी होतं. डच बाळं जन्मली ती भरल्या ताटावर. मला हे पटण्याजोगं वाटतं, पण त्यावर अजून वाद आहेत.

उलट टोकही आहे. गर्भारपणातल्या मधुमेहात आईच्या रक्तातली जादा साखर वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच जादा इन्सुलिन तयार करतं आणि बाळ फाजील बाळसं धरतं. अशा मुलांना पुढे लठ्ठपणाचा आणि मधुमेहाचा धोका अधिक असतो.

हे वाचून कुणी आईला बोल लावू नये. त्या डच बायकांनी उपास निवडला नव्हता. शिवाय वेळापत्रकाचा काही भाग आईला कळायच्या आतच उलटून जातो: बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकते ती गर्भ राहिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, आणि खात्री होईपर्यंत ही मुदत बहुधा संपत आलेली असते. म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात.