टेस्ट दोन मिनिटांची, पण रिपोर्ट पाठवायचा कुठे?

"टेस्ट फुकट असते, जागेवर येऊन करतात, तरी ही माणसं रिपोर्ट घ्यायला येत नाहीत, म्हणजे त्यांनाच तब्येतीची पर्वा नाही." बेघर लोकांबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, तेही चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून, की शेवटी बसून लिहायलाच घेतलं. कारण यात माणसांच्या स्वभावाचा भाग फार थोडा आहे. खरी गोम टेस्ट कशी बनवली आहे त्यात आहे, आणि ते विज्ञान मला मनापासून आवडतं.

बेघर म्हटलं की फुटपाथवर झोपलेला माणूस डोळ्यासमोर येतो. पण त्याहून कितीतरी जास्त लोक दोन आठवडे मित्राच्या सोफ्यावर, मग काही रात्री निवारा केंद्रात, मग गाडीत, मग कुणा नातेवाईकाकडे असे दिवस काढत असतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. फोन असतो पण चार्ज नसतो, नंबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो, आणि फॉर्मवरचा "कायमचा पत्ता" हा रकाना आला की पेन तिथेच थांबतं. आता अशा माणसाला "परवा या" म्हणून सांगणं म्हणजे काय ते बघा.

टीबीची जुनी स्किन टेस्ट घ्या, मॅंटू टेस्ट. हातावर कातडीच्या आत ट्युबरक्युलिनचा, म्हणजे टीबीच्या जंतूपासून काढलेल्या प्रोटीन्सचा, थेंबभर डोस टोचतात, आणि तिथे आलेला टणक फुगवटा किती मिलिमीटरचा आहे ते ४८ ते ७२ तासांत मोजायचं असतं. हा उशीर ऑफिसच्या वेळापत्रकामुळे होत नाही. टीबीच्या जंतूला ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तातून त्या जागेपर्यंत पोचायला, तिथे बाकीच्या पेशींना बोलवायला आणि गर्दी जमायला तेवढा वेळ लागतोच, शरीराला घाई करता येत नाही. माणूस तिसऱ्या दिवशी आला नाही की टेस्ट वाया, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी रक्ताची इग्रा टेस्ट वापरतात, त्यात त्याच टी पेशींची परीक्षा माणसाच्या हातावर न होता नळीत होते आणि मोजमापासाठी माणसाला परत यावं लागत नाही. लंडनमध्ये तर एक्सरे मशीन बसवलेली व्हॅनच निवारा केंद्रांपर्यंत जाते आणि छातीचा फोटो तिथल्या तिथे बघितला जातो.

पण मला खरं सांगायचंय ते हिपॅटायटिस सी बद्दल, कारण माणूस दोन टप्प्यांच्या मधे कसा हरवतो ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. हा लिव्हरचा व्हायरस १९८९ मध्ये सापडला, त्यासाठी २०२० चं नोबेल मिळालं, आणि आज ८ किंवा १२ आठवडे गोळ्या घेतल्या की ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. क्रॉनिक, म्हणजे वर्षानुवर्षं शरीरात राहणारा, व्हायरल आजार गोळ्यांनी मुळापासून जातो हेच मुळात केवढं मोठं आहे! तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि २०२२ च्या अखेरीस त्यातल्या ३६ टक्क्यांनाच तो माहीत होता.

या आजाराची पहिली टेस्ट अँटीबॉडीची, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर जी प्रोटीन्स बनवतं त्यांची. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की काही मिनिटांत रेघ उमटते. मेख अशी की अँटीबॉडी म्हणजे व्हायरस नव्हे. ती शरीराची आठवण आहे. व्हायरस येऊन गेला तरी अँटीबॉडी बहुतेकदा जन्मभर राहते, आणि साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून हा व्हायरस औषधाशिवाय पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघूनही जातो. म्हणजे रेघ आली तर इतकंच कळतं की कधीतरी गाठ पडली होती. आत्ता तो रक्तात आहे का हे कळायला व्हायरसचा आरएनएच, म्हणजे ज्यावर त्याची सगळी माहिती लिहिलेली असते तो धागाच, शोधावा लागतो, आणि ही झाली दुसरी टेस्ट. नेहमीच्या पद्धतीत तिला शिरेतून रक्त, ते फिरवायला सेंट्रिफ्यूज, मोठी लॅब आणि काही दिवस लागतात. म्हणजे "परवा या" आलंच.

शिरेतून रक्त घेणं हाही एक अडथळाच आहे. ज्यांनी बरीच वर्षं सुईने ड्रग्ज घेतलेत त्यांच्या शिरा कडक झालेल्या, बुजलेल्या असतात. चारदा टोचूनही शीर सापडत नाही, हात निळा पडतो, वर टोचणाऱ्याच्या चेहऱ्यावरची नाराजी दिसते, आणि माणूस उठून निघून जातो. बोटाच्या थेंबावर काम झालं तर हे सगळं टळतं.

आता एका थेंबात आरएनए कसा शोधायचा? हा व्हायरस म्हणजे आरएनएचा एकच धागा, साधारण ९,६०० अक्षरांचा. आरएनए हा फार नाजूक प्रकार आहे, आपल्या बोटांवरच त्याला कापणारी एन्झाइम्स असतात, उघड्यावर ठेवला तर तुकडे व्हायला वेळ लागत नाही. दुसरी अडचण म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, त्यातला हीम पुढच्या रिअॅक्शनला अडवतो. म्हणून आधी व्हायरसचं कवच फोडायचं, आरएनए धरून ठेवायचा आणि बाकी सगळं धुऊन टाकायचं. बऱ्याच पद्धतींत यासाठी तीव्र क्षारांच्या द्रावणात आरएनए काचेसारख्या सिलिकाला चिकटवतात, मग धुतात, मग साध्या द्रावणाने सोडवून घेतात. पूर्वी हे माणसं हातमोजे घालून एकेक पायरी करत करायची. आता मुठीत मावेल एवढ्या प्लॅस्टिकच्या काडतुसात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, वेगवेगळे कप्पे असतात, मधे एक फिरणारा व्हॉल्व्ह आणि पिचकारीसारखा दट्ट्या. व्हॉल्व्ह वळतो, दट्ट्या ओढतो, द्रव या कप्प्यातून त्या कप्प्यात जातो. सगळं बंद डब्यात, बाहेरचा हात लागतच नाही.

मग खरी गंमत. आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम आरएनएवरून डीएनएची प्रत काढतं, कारण पुढची कॉपी मशीन डीएनएच वाचते. ती कॉपी मशीन म्हणजे पीसीआर. साधारण ९५ डिग्रीला तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटे होतात, थंड केलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात, आणि पॉलिमरेज एन्झाइम तिथून पुढचा धागा विणतं. हे पॉलिमरेज इतकं तापवूनही मरत नाही कारण पहिल्यांदा ते यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूकडून घेतलं होतं! प्रत्येक चक्राला दुप्पट. १० चक्रांत एकाचे १,०२४, २० चक्रांत १० लाखांच्या वर, ३० चक्रांत १०० कोटींच्या वर. सोबत एक खूणपट्टी घातलेली असते, तिच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू. ती बरोबर व्हायरसच्याच तुकड्यावर बसली तर दोन टोकं वेगळी होतात आणि चमक सुटते. मशीन फक्त बघत असतं की कितव्या चक्रात चमक दिसली. एकाच्या रक्तात २२ व्या चक्राला दिसली आणि दुसऱ्याच्या ३२ व्या, तर पहिल्याकडे साधारण हजारपट जास्त व्हायरस. म्हणजे आहे की नाही एवढंच नाही, किती आहे तेही कळतं. आणि प्रायमर लावायची जागाही हुशारीने निवडतात, धाग्याच्या सुरुवातीचा असा भाग जो या व्हायरसच्या सगळ्या प्रकारांत जवळपास सारखाच राहतो, कारण तो बदलला तर व्हायरसलाच स्वतःची प्रोटीन्स बनवता येत नाहीत.

हे सगळं तासाभरात होतं. अमेरिकेत जून २०२४ मध्ये बोटाच्या रक्तावर चालणाऱ्या अशा पहिल्या टेस्टला परवानगी मिळाली. तास म्हणजे काय, तर त्याच खोलीत एक खुर्ची, मोबाईल चार्जिंगला लावायला प्लग, आणि रिझल्ट येईपर्यंत माणूस समोर बसलेला. पत्त्याचा प्रश्नच आला नाही.

इथे एक सांगायलाच हवं. "एका थेंबात शंभर आजार" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. थेरानोस नावाच्या अमेरिकेतल्या रक्ततपासणी कंपनीने हेच सांगून प्रचंड पैसा उभा केला, २०१५ मध्ये बिंग फुटायला लागलं आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापिकेला कोर्टात फसवणुकीसाठी दोषी ठरवलं गेलं. बोट दाबून काढलेल्या रक्तात आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी मिसळतं, लाल पेशी फुटतात, पोटॅशियमसारखे आकडे चुकतात. हिपॅटायटिस सी ला मात्र हे चालून जातं, कारण क्रॉनिक रुग्णाच्या एका मिलिलिटर रक्तात व्हायरस बऱ्याचदा लाखांच्या घरात असतो, त्यामुळे ०.१ मिलिलिटरमध्येही हजारोंनी सापडतो, शिवाय वाढवायला पीसीआर आहेच. प्रत्येक थेंबाकडून प्रत्येक उत्तर मिळत नाही.

आणि "लक्षणं दिसली तर टेस्ट करू" हा दुसरा गैरसमज. एप्रिल २०२० मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या निवारा केंद्रात लक्षणं न बघता ४०८ जणांची कोविडची पीसीआर केली, तर १४७ पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या ताप असलेल्यांचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. दारावर थर्मामीटर धरून उभं राहिलं असतं तर जवळजवळ सगळे आत गेले असते. हिपॅटायटिस सी तर वीस-वीस वर्षं गप्प राहून लिव्हर खराब करतो.

रिझल्ट आला, त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या, तर पुढची अडचण साधी असते: गोळ्या ठेवायच्या कुठे. सामान चोरीला जातं, निवारा केंद्र सकाळी रिकामं करायला लावतात. म्हणून जिथे हे काम नीट चालतं तिथे एकदम सगळा डबा न देता आठवड्याच्या गोळ्या देतात, किंवा माणूस रोज जिथे येतोच तिथल्या लॉकरमध्ये त्या ठेवतात.

आणि गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी परत एकदा आरएनए बघायचा असतो, व्हायरस खरंच गेला का ते कळायला. तोपर्यंत माणूस कदाचित दुसऱ्या शहरात. तिथे कुणीतरी नव्याने अँटीबॉडीची पट्टी लावतं, रेघ उमटते, कारण आठवण जात नाही, आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा सांगितलं जातं की तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे. म्हणून त्याच्या खिशात एक कागद असायला हवा, आरएनए कुठल्या तारखेला निगेटिव्ह आला ते लिहिलेला, आणि समोरच्या टेबलावर ते तासाभराचं मशीन.