दोन टक्के पाण्याचा खडक आणि सातशे फुटांचं बोअर

उन्हाळा चढला की मराठवाड्याच्या शिवारात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अजून शंभर फूट जाऊ, खाली झरा आहे.’ तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी उभी असते, राखाडी भुकटी उडत असते आणि शेतकऱ्याचा हिशोब फुटाफुटाने वाढत असतो. पाताळातल्या झऱ्याच्या या समजुतीने गावोगावच्या घरांना कर्जात घातलं आहे. म्हणून आपल्या जमिनीखाली पाणी नेमकं कुठे राहतं, ते आधी पाहू.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि आपला बेसाल्ट तयार झाला. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. त्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरे-हिरवट स्फटिक भरले. विहिरीच्या काठावरच्या ढिगातला दगड फोडून पाहा, ते ठिपके दिसतील. त्याखाली असतो काळा अखंड पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. अखंड पाषाणात भेग नसेल, तर थेंबही नसतो. जितकं खोल जावं, तितक्या भेगा साधारणपणे कमी होतात.

आता मुद्द्याचा आकडा. पाण्याने भरलेला एक घनमीटर मुरूम निथळू दिला, तर जेमतेम २० लिटर पाणी सुटतं, म्हणजे २ टक्के. एक मोठा हंडा! एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याखालची पातळी १ मीटर उतरली की हाती येतात ८१ हजार लिटर. एका एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी, म्हणजे पिकाला एकदा पाणी, द्यायला मात्र २ लाख लिटर लागतात. एका पाळीत त्या एकराखालची पातळी अडीच मीटर खाली जाते.

भरपाई किती? अशा खडकात पावसाचं साधारण ७ ते १३ टक्के पाणी मुरतं. ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५० ते ९० मिलिमीटर. वर्षभरात एक पाळी, फार तर पावणेदोन. उसाला लागतं २,००० मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं ५०० पावसाने भागवलं असं धरलं, तरी १,५०० उरतात. कालवा नसेल, तर एक एकर ऊस १७ ते ३० एकरांत मुरलेलं पाणी पितो. हे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीखालून येतं. जमिनीखाली बांध नसतात.

गरिबी इथे शिरते. सहा-सात परूस (पुरुषभर उंचीचं माप) खोल विहीर असलेला कोरडवाहू शेतकरी आधी कोरडा पडतो, कारण शेजारचं बोअर त्याच्या तळापेक्षा कितीतरी खाली गेलेलं असतं. शिवाय बोअरमध्ये केसिंग, म्हणजे भिंत धरून ठेवणारा पाइप, टाकतात ते बहुधा फक्त ढासळणाऱ्या मुरमापुरतं, २०-४० फूट. त्याखालचं भोक उघडंच राहतं. वरच्या भेगांतलं पाणी या भोकातून खालच्या रिकाम्या भेगांत गळतं. फेल गेलेलं बोअरसुद्धा असं शेजारची विहीर आटवू शकतं. मग विहीर आटलेला शेतकरीही सावकाराकडून पैसे घेऊन बोअर मारतो. पाणी लागलंच, तर ५ अश्वशक्तीची मोटर जिथे ३० मीटरवरून सेकंदाला ६-७ लिटर उपसते, तिथे २०० मीटरवरून एखादाच लिटर देते. कर्ज फेडायला नगदी पीक हवं आणि नगदी पिकाला पाणी हवं.

पाणी लागलं नाही, तर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन जोडपं ऊसतोडीला जातं. दसरा-दिवाळीनंतर गेलेली माणसं परततात ती पाडव्याच्या सुमारास. बांध सांधायचे, नाल्यातला गाळ काढून शेतात टाकायचा, उताराला आडव्या ताली घालायच्या, तो काळ नेमका हाच. माणूसच शिवारात नसेल, तर फुटलेला बांध फुटलेलाच राहतो. मृगाच्या पावसात माती ओढ्याला जाते आणि मुरणारं पाणीही कमी होतं. याला शेतकऱ्याचा आळस किंवा अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

तळहातावर नारळ उभा करून पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याला खडकातलं काही कळत नाही. नारळ हलतो तो स्नायूंच्या नकळत हालचालीने. सखल भागात बहुतेक ठिकाणी खणलं तरी थोडंफार पाणी लागतं, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

त्यापेक्षा दोरी आणि दगड घ्या. पोळा-दसऱ्यानंतर आणि मेअखेर विहिरीची पातळी मोजून लिहून ठेवा. मोटर बंद केल्यावर पाणी किती वेळात चढतं तेही पाहा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. ते चढायला १० तास लागले, तर विहिरीची आवक तासाला २,८०० लिटर. रब्बीचं क्षेत्र या आकड्यावर ठरवा, आणि शक्य असेल तर अख्ख्या गावाने मिळून ठरवा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. आपला खडक पाहता ती मर्यादा योग्यच आहे.

फेल बोअर तसंच सोडू नका. तळापासून चिकणमाती आणि खडी थराथराने भरत या, अखंड पाषाणाच्या पट्ट्यात सिमेंटचा बूच बसवा आणि तोंड पक्कं बंद करा. उघड्या तोंडात लहान मुलं पडून जीव गेले आहेत.